रिकामा रकाना



'संशोधन' हा शब्द आपण मराठी माणसे ज्या अर्थाने वापरतो, त्या अर्थाने हिंदी भाषक तो वापरत नाहीत. हिंदीत संशोधन म्हणजे दुरुस्ती. संविधानात होते ते संशोधन. आपल्या संशोधनाला ते 'शोध' किंवा 'अनुसंधान' म्हणतात. पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रमाच्या पहिल्याच आठवड्यात आमच्या वर्गातील इंदूरच्या एका विद्यार्थिनीने भाबडेपणाने विचारले होते, "तुम्ही सारे संशोधन करायला आलात म्हणता, मग चूक कुणाची झाली आहे?" वर्ग हसला. मीही हसले. त्या प्रश्नाचे उत्तर 'माझी' असे आहे, हे कळायला मला दोन वर्षे लागली. ती दोन वर्षे कशी गेली, ते तुम्हांला सांगायचे आहे.

२०११ साली मी अर्थशास्त्रात पीएच.डी.साठी नोंदणी केली, तेव्हा मराठवाड्यातील एका महाविद्यालयात मला शिकवू लागून बारा वर्षे झाली होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमावलीने पीएच.डी.पूर्व अभ्यासक्रम सक्तीचा केला होता. (२०२२ च्या नियमावलीनुसार तो आता किमान बारा श्रेयांकांचा आहे आणि त्यात संशोधन व प्रकाशनविषयक नीतीचा समावेश आहे.) त्यापूर्वी नोंदणी केलेले माझे सहकारी या वर्गांतून सुटले होते. मला मात्र चाळिशीला टेकलेल्या वयात पुन्हा बाकावर बसावे लागले. व्यवस्थापनशास्त्राचे आणि अर्थशास्त्राचे विद्यार्थी एकाच वर्गात बसत. गृहीतक कसे मांडावे, नमुना कसा निवडावा, मुलाखत अनुसूची कशी तयार करावी, सहसंबंध आणि कार्यकारणभाव यांत फरक कसा करावा, असे विषय होते. यांतले बरेचसे मी स्वतः वर्गात शिकवत होते. खरे सांगायचे तर, हे वर्ग म्हणजे पदवीच्या वाटेवरचा जकात नाका आहे, असेच मला वाटे. पैसे भरायचे आणि पुढे जायचे.

माझ्या मार्गदर्शिका, ज्यांना आम्ही सारे 'बाई' म्हणत असू, याच अभ्यासक्रमाचा एक भाग शिकवत. त्यांची पद्धत साधी होती. पाठ्यपुस्तकात पक्के होऊन बसलेले एखादे विधान घ्यायचे आणि त्याच्या मुळाशी असलेल्या नोंदींपर्यंत आम्हांला चालत न्यायचे. व्यवस्थापनाच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी हॉथॉर्नचे प्रयोग निवडले. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ पासून दिव्यांचा उजेड कमीजास्त करून पाहण्यात आला. उजेड वाढवला तरी उत्पादन वाढले, कमी केला तरी वाढले. म्हणजे आपल्याकडे कुणी लक्ष देत आहे या जाणिवेनेच कामगार अधिक काम करतो, असा निष्कर्ष पिढ्यान् पिढ्या शिकवला गेला. मूळ आकडेवारी नष्ट झाली, असाच समज होता. स्टीव्हन लेव्हिट आणि जॉन लिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी ती शोधून काढली, तपासली आणि २०११ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. दिव्यांतील बदल रविवारी, कारखाना बंद असताना केले जात. सोमवारचे उत्पादन शनिवारच्या मानाने एरवीही वाढतच असे. मग वाढ उजेडातील बदलाची, की सोमवारची? गाजलेला परिणाम मूळ नोंदींत फारच क्षीण निघाला.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी बाईंनी आपल्याच देशातले उदाहरण घेतले. १९९९-२००० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणीची पंचावन्नावी फेरी झाली. तिच्या आधारे देशातील गरिबीचे प्रमाण १९९३-९४ मधील ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आल्याचे जाहीर झाले. परंतु या फेरीत एक बदल झाला होता. पूर्वी कुटुंबाला अन्नावरचा खर्च मागील तीस दिवसांचा विचारत. या वेळी त्याच अनुसूचीत शेजारी-शेजारी दोन रकाने आले : एक मागील सात दिवसांचा, दुसरा तीस दिवसांचा. सात दिवसांची आठवण ताजी असते आणि त्या हिशेबाने खर्च अधिक भरतो, हे आधीच्या लहान फेऱ्यांतील प्रयोगांत दिसले होते. इतका अधिक, की केवळ त्या पद्धतीने मोजले तर गरिबांची संख्या जवळपास निम्म्यावर यावी. आता दोन्ही प्रश्न एकत्र आल्यावर एका रकान्यातील उत्तर दुसऱ्यावर सावली टाकणारच. जुन्या आकड्यांशी नव्या आकड्यांची तुलनाच अवघड झाली. पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले अँगस डीटन यांच्यासह अनेकांनी हे गणित पुन्हा मांडून पाहिले. प्रश्न विचारण्याची रीत बदलली आणि कोट्यवधी माणसे दारिद्र्यरेषेच्या अलीकडे की पलीकडे, याचाच निर्णय अवघड होऊन बसला.

यावर परीक्षेत प्रश्न आला. मी सविस्तर उत्तर लिहिले. मला वर्गात सर्वाधिक गुण मिळाले. हे मुद्दाम सांगते. कारण पुढे जे घडले ते अज्ञानातून घडले, असे म्हणण्याची सोय मला नाही.

माझा विषय होता महिला बचत गट आणि ग्रामीण कुटुंबांचा कर्जबाजारीपणा. गटात सामील झालेल्या बाईच्या घरावरचे सावकाराचे कर्ज कमी होते का, असा प्रश्न होता. २०१२ च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातील दोन तालुक्यांत मी दोनशे चाळीस घरांत जाऊन मुलाखती घेतल्या. निम्मी घरे गटातील, निम्मी गटाबाहेरची. माझ्या अनुसूचीत एक प्रश्न होता : 'गेल्या वर्षभरात बँक किंवा गट सोडून इतर कुणाकडून कर्ज घेतले का? किती?' बहुतेक बायकांनी आकडा सांगितला किंवा 'नाही' म्हटले. एकतीस घरांत मात्र या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही. कुणी नवऱ्याकडे पाहिले, कुणी चहा ठेवायला आत गेली, कुणी नुसतीच हसली. मी रकाना रिकामा सोडला आणि पुढचा प्रश्न विचारला. उन्ह वाढत होते आणि दिवसाला सहा घरे हा माझा नेम होता.

हिवाळ्यात माहिती संगणकावर भरताना हे एकतीस रकाने समोर आले. रकाना रिकामा असला की संगणक ते घर गणनेतून वगळतो. एकतीस घरे गेली तर नमुना लहान होणार, आणि त्यांतली बरीचशी गटातील होती. एका रात्री, घरचे सारे झोपल्यावर, मी त्या एकतीस रकान्यांत शून्य भरले. स्वतःची समजूत घातली, की कर्ज असते तर तिने सांगितले असतेच. सांगितले नाही म्हणजे नाही. या कामाला पाच मिनिटेही लागली नाहीत. गणिताचे उत्तर सुरेख आले. गटातील घरांवरचे खासगी कर्ज गटाबाहेरच्या घरांपेक्षा स्पष्टपणे कमी होते, आणि हा फरक योगायोगाचा नाही असे सांख्यिकीय कसोटीही सांगत होती. फेब्रुवारीत एका चर्चासत्रात मी निबंध वाचला. टाळ्या मिळाल्या. निबंध पुस्तकात छापून आला.

मित्रहो, 'शून्य' आणि 'रिकामा' यांत किती अंतर आहे, हे तुम्ही क्षणभर मनाशी तपासून पाहा. शून्य हे उत्तर आहे. रिकामा रकाना म्हणजे उत्तर मिळाले नाही, याची नोंद आहे. पहिल्यात त्या बाईचे म्हणणे आहे, दुसऱ्यात माझे अपुरेपण. मी माझे अपुरेपण तिच्या तोंडी घातले होते.

एप्रिल २०१३ मध्ये बाईंनी आठवड्याच्या बैठकीत काही छापील कागद आमच्यापुढे ठेवले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट येथील शाखेत थॉमस हर्न्डन नावाचा अठ्ठावीस वर्षांचा विद्यार्थी पीएच.डी. करत होता. त्याच्या वर्गाला गृहपाठ होता : प्रसिद्ध झालेला एखादा शोधनिबंध घ्या आणि त्यातील आकडे स्वतः काढून दाखवा. त्याने कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांचा २०१० चा निबंध निवडला. सार्वजनिक कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की वाढीचा दर कोसळतो, हे त्यातील विधान जगभरच्या काटकसरीच्या धोरणांना आधार म्हणून पुढे केले जात होते. हर्न्डनचे आकडे जुळेनात. त्याच्याच हातून काही चुकत असेल, असे प्रथम त्याच्या प्राध्यापकांनाही वाटले. शेवटी त्याने मूळ लेखकांकडे त्यांची गणनपत्रिका मागितली, आणि त्यांनी ती दिली. वीस देशांची सरासरी काढायच्या सूत्रात शेवटच्या पाच ओळी आल्याच नव्हत्या. देशांची यादी वर्णक्रमाने उलटी लावलेली असल्याने ऑस्ट्रेलिया, ऑस्ट्रिया, बेल्जियम, कॅनडा आणि डेन्मार्क गणनेबाहेर राहिले होते.

सूत्रातील चुकीचा वाटा तसा लहानच होता. मोठा फरक पडला तो दुसऱ्या दोन गोष्टींनी. काही देशांची काही वर्षे गणनेत नव्हती. न्यूझीलंडचे तर भारी कर्जाचे एकच वर्ष, १९५१, धरले गेले होते आणि त्या वर्षीचा दर होता उणे ७.६ टक्के. शिवाय सरासरी काढताना या एका वर्षाला ब्रिटनच्या एकोणीस वर्षांइतकेच वजन मिळाले होते. हर्न्डनने मायकेल ॲश आणि रॉबर्ट पोलिन या आपल्या प्राध्यापकांसह गणित पुन्हा मांडले, तेव्हा उणे ०.१ टक्क्याच्या जागी अधिक २.२ टक्के वाढ आली. मूळ लेखकांनी सूत्रातील चूक मान्य केली. वजनाची पद्धत मात्र आपण विचारपूर्वक निवडली होती आणि भारी कर्ज व मंद वाढ यांचा संबंध सुटत नाही, असे सांगितले. तो वाद पुढेही चालला.

"यात कौतुक कुणाचे करायचे?" बाईंनी विचारले. आम्ही अर्थातच हर्न्डनचे नाव घेतले. "त्याचे तर आहेच," त्या म्हणाल्या, "पण असा गृहपाठ देणाऱ्यांचेही करा, आणि मागितल्यावर गणनपत्रिका देणाऱ्यांचेही. तुमची कुणी मागितली तर तुम्ही द्याल का, हे आज घरी जाऊन पाहा."

मी घरी गेले आणि माझी गणनपत्रिका उघडली. एकतीस शून्ये इतर शून्यांत मिसळून गेली होती. पाहणाऱ्याला ती ओळखू आली नसती. मला ओळखण्यासाठी कागदी अनुसूच्यांचे गठ्ठे सोडावे लागले.

बाईंना हे सांगायला मी अकरा दिवस घेतले. त्या अकरा दिवसांत मी काय काय विचार केला, ते सांगण्यासारखे नाही. रजा संपत आली होती. महाविद्यालयात बढतीचा प्रश्न पदवीवर अडून होता. घरात मुलीची दहावी होती. आणि मनात एकच वाक्य फिरत होते : कुणाला कळणार आहे? बाराव्या दिवशी मी गठ्ठा घेऊन गेले आणि सगळे सांगितले. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी एकतीस अनुसूच्या एकेक करून पाहिल्या आणि म्हणाल्या, "उत्तर नाही ना? मग जा आणि विचारून या."

मे महिना होता. ऊसतोडणीला गेलेली माणसे गावी परतली होती. पहिल्याच घरात मी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि या वेळी गप्प बसून राहिले. बऱ्याच वेळाने त्या माऊली म्हणाल्या, "बाई, सावकार कुठला आलाय आता? अंगावर मुकादमाची उचल हाय. पर त्याला काय कर्ज म्हंत्यात व्हय? कर्ज फेडावं लागतं. उचल तोडून फिटती."

ज्यांना हा व्यवहार ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. साखर कारखान्यांच्या हंगामासाठी मजूर जमवणारा मुकादम हंगामाआधी मजुरांना आगाऊ रक्कम देतो, ती उचल. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात, आणि रक्कम कोयत्यावर ठरते. मग चार-सहा महिने ऊस तोडून ती फेडायची. हंगामात फिटली नाही तर उरलेली पुढच्या वर्षावर जाते, आणि पुढच्या वर्षीही त्याच मुकादमाकडे जावे लागते. त्या माऊलीने सांगितलेली रक्कम माझ्या साऱ्या नमुन्यातील सर्वांत मोठ्या खासगी कर्जाहून मोठी होती. तिच्या रकान्यात मी शून्य लिहिले होते.

माझ्या अनुसूचीत 'कर्ज' हा शब्द होता. तिच्या घरात तो व्यवहार त्या नावाने होतच नव्हता. ती लपवत नव्हती. माझ्या प्रश्नाला 'नाही' म्हणणे खोटे आणि 'हो' म्हणणे चुकीचे, अशा पेचात ती हसली होती. भाषेचे विद्यार्थी म्हणून तुम्हांला हे माझ्याहून लवकर कळले असते. एका शब्दाची निवड चुकली की अर्थशास्त्राचा अख्खा तक्ता कोसळतो, हे मला कोणत्याही सूत्राने शिकवले नव्हते.

एकतीस घरे फिरून मी उत्साहाने परतले. बाईंनी ऐकून घेतले आणि विचारले, "या एकतीस घरांना तुम्ही उचल विचारलीत. उरलेल्या दोनशे नऊ घरांना कुठे विचारली होती?" मला पंचावन्नावी फेरी आठवली. ज्या उत्तरावर मी गुण मिळवले होते, तेच आता माझ्यापुढे प्रश्न होऊन उभे राहिले. काही घरांना एका रीतीने विचारायचे, काहींना दुसऱ्या, आणि मग दोघांची तुलना करायची? दसऱ्याला गाड्या निघण्यापूर्वी मी सर्व घरांत पुन्हा गेले. सतरा घरांना कुलूप होते. ते रकाने या वेळी रिकामेच ठेवले.

नवे उत्तर पहिल्यासारखे सुरेख नव्हते. गटातील घरांत सावकाराचे आणि दुकानदाराचे देणे कमी दिसत होते, पण उचलीत फरक नव्हता. गटाचे काही हजारांचे कर्ज दवाखान्याला, शाळेला पुरते. हंगामाची बेगमी त्यातून होत नाही. बचत गटाने सावकार दूर केला असेल, मुकादम नाही. एवढेच मला म्हणता आले. प्रबंधाचे शीर्षक बदलले आणि पदवी दीड वर्ष लांबली. मौखिक परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी त्या सतरा रिकाम्या घरांबद्दलच सर्वाधिक प्रश्न विचारले. पुष्कळांना मला 'ते मला माहीत नाही' असे उत्तर द्यावे लागले. ते उत्तर देताना प्रथमच मला संकोच वाटला नाही.

तरी सारे निस्तरले असे समजू नका. चर्चासत्राच्या आयोजकांना मी चूक कळवली आणि दुरुस्ती छापण्याची विनंती केली. उत्तर आले नाही. ते पुस्तक ग्रंथालयांत आहे. काही वर्षांनी एका विद्यार्थ्याच्या प्रबंधात मला माझाच जुना निष्कर्ष, माझ्याच नावासह, पुरावा म्हणून दिलेला आढळला. मी त्याला पत्र लिहिले. पण ज्यांना मी ओळखत नाही, अशा किती जणांना लिहिणार? रकान्यात शून्य भरायला पाच मिनिटे लागली नव्हती. ते पुसण्याचे काम अजून चालू आहे.

आता मी स्वतः पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना तोच अभ्यासक्रम शिकवते. त्यांना पहिला गृहपाठ देते तो माझ्या गणनपत्रिकेचा. दोन्ही प्रती देते, जुनी आणि नवी, आणि चूक शोधायला सांगते. आकडे पाहून ती सहसा कुणाला सापडत नाही. मग मी कागदी अनुसूच्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवते.

तुम्ही म्हणाल, आम्ही मराठीचे विद्यार्थी. आमचा या आकडेमोडीशी काय संबंध? पण मुक्त विद्यापीठाचे तुम्ही विद्यार्थी दिवसा कुठे ना कुठे काम करता. तुमच्यात अंगणवाडी सेविका असतील, ग्रामपंचायतीचे लिपिक असतील, दवाखान्यात नोंदवही लिहिणारे, पतसंस्थेत खाती सांभाळणारे असतील. आमच्या प्रबंधांतील आकडे तुमच्या वह्यांतून येतात. संध्याकाळ झालेली असते, वरून तक्ता मागितलेला असतो, आणि एक रकाना रिकामा असतो. तेथे शून्य लिहिणे फार सोपे असते. त्या वेळी हात क्षणभर थांबवा. माहिती नसेल तर रकाना रिकामा ठेवा आणि शेजारी 'विचारायचे राहिले' असे लिहा. वरिष्ठ कदाचित रागावतील. पण पुढे कधीतरी कुणी संशोधक ती वही उघडील, तेव्हा कोणत्या घरी पुन्हा जायचे, हे त्याला तुमच्या त्या दोन शब्दांवरून कळेल.